फॅटी लिव्हर, इंजेक्शन आणि बायकांचं राहिलेलं
फॅटी लिव्हरवरच्या या लेखात, सेमाग्लुटाइडने (वजन आणि साखर कमी करणारं इंजेक्शन) फॅटी लिव्हरची सूज कमी होते हे बरोबर लिहिलंय, 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मॅशसाठी (चरबीमुळे लिव्हरला सूज येऊन इजा होणं) मंजुरीपण मिळाली, पण ती मध्यम ते जास्त फायब्रोसिस (लिव्हरमध्ये व्रण तयार होणं) असलेल्यांना, सिरॉसिसवाल्यांना (व्रण खूप वाढून लिव्हर कडक झालेल्यांना) नाही, हे ठळक लिहायला हवं होतं. आणि बायकांचं काय? पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं नि लिव्हरमधली चरबी वाढायला लागते, पीसीओएसवाल्या (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास असलेल्या) पोरींना तर आधीपासूनच धोका. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपटाइड (असंच दुसरं इंजेक्शन) घेताना गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि दर वेळी डोस वाढवला की चार आठवडे कंडोम वगैरे वापरायला सांगतात. मळमळ होते हे सगळेच सांगतात हो, पण बायकांचं हे सगळं कोण सांगणार?