गोदाम विका, आंबा थांबेल

रत्नागिरी-देवगड पट्ट्यात आंब्याचा पल्प डब्यात भरणारा तुमचा कारखाना असेल, तर आजपासून ते गोदाम तुम्हाला बघवता कामा नये. हंगाम सुरू व्हायच्या आधीच छपराला टेकलेली रिकाम्या डब्यांची रास, शेजारी झाकणं, मागे खोक्यांचे गठ्ठे. केवढे पैसे अडकलेत! साठा म्हणजे पाप, हे पुण्याहून आलेल्या सल्लागाराने पहिल्याच स्लाइडवर सांगितलंय. तेव्हा जस्ट-इन-टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच माल मागवायची टोयोटाची पद्धत, करून मोकळे व्हा.

टोयोटाला हे जमवायला काही दशकं लागली, कारण ती माणसं नको तिथून सुरुवात करत बसली. साचे बदलायचा वेळ कमी केला, दोष जागच्या जागी पकडून लाइन थांबवायची सवय लावली, पुरवठादारांच्या शेडमध्ये जाऊन त्यांचीही घडी बसवली. साठा त्या त्या मानाने उतरत गेला. तुम्ही थेट साठा उतरवण्यापासून सुरू करा. बाकीचं कधी करायचं, ते दिवाळीनंतर बघू.

आता गणित. रोज १० टन आंबा घेणार असाल, तर निम्मा पल्प धरा, म्हणजे ५ टन. ३.१ किलोच्या डब्यात तो भरायला साधारण १,६०० डबे लागतात. डबे यायला ३ दिवस, वर २० टक्के जादा, एका गठ्ठ्यात २०० डबे. १,६०० गुणिले ३ गुणिले १.२, भागिले २००: वर धरून २९. एका गठ्ठ्याला एक कार्ड; गठ्ठा संपला की ते कार्ड म्हणजेच नवी मागणी. भिंतीवर अशी २९ रंगीत कार्डं लावा, शेजारी उभं राहून फोटो काढा. पद्धत लागू झाली.

यातले ३ दिवस कुठून आले, असं कोणी विचारलं तर फोनकडे बोट दाखवा. डबेवाल्याने सांगितलेत. तो मुंबईकडून तीनशेवर किलोमीटर गाडी पाठवतो आणि मध्ये मुंबई-गोवा महामार्ग आहे. त्याचं चौपदरीकरण २०११ च्या सुमारास सुरू झालं, त्यामुळे रस्त्यालाही घाई नसते. घाटात एक टँकर आडवा झाला की ३ चे ७ होतात आणि त्याच सूत्रात कार्डं २९ ची ६८. खरं तर गाडीला सरासरी किती दिवस लागतात यापेक्षा ती त्याच्या मागेपुढे किती होते, यावर खबरदारीचा साठा ठरतो. हे मागेपुढे होणं, म्हणजे प्रमाण विचलन, २ दिवसांचं असेल, तर शंभरातल्या ९५ खेपांना लाइन चालू राहण्यासाठी १.६५ (९५ टक्के खात्रीचा ठरलेला गुणक) गुणिले १,६०० गुणिले २, म्हणजे ५,२८० डबे नुसते खबरदारीचे लागतात. तीन दिवसांहून जास्त काम. बरं, गाडी लवकर आल्याचं कोणी ऐकलेलं नाही, उशिराच येते. त्यामुळे हाही आकडा कमीच पडेल. सल्लागाराला यातलं काही सांगू नका, त्याची संध्याकाळची गाडी असते.

डबे रोज थोडे थोडे मागवा, असंही तो सांगून जाईल. मोठ्या गाडीत असे सात-आठ हजार रिकामे डबे मावतात. तुम्ही १,६०० मागवलेत तर उरलेल्या जागेत हवा येईल, आणि हवेचंही भाडं डब्याइतकंच. शेजारच्या दोन कारखान्यांबरोबर मिळून एक गाडी मागवावी, तिन्ही ठिकाणी उतरवत न्यावी, असा विचार एखाद्या सुपरवायझरने मांडला तर त्याला तिथेच गप्प करा. शेजाऱ्याला आपला खप कळला तर काय राहिलं?

आंब्यालाही शिस्त लावा. जपानी कारखान्यात महिनाभराचा आराखडा आधी ठरतो आणि रोज सारखं काम निघतं. हापूसला हे समजावून सांगायला हवं. मेच्या शेवटच्या आठवड्यात ढग दिसले की प्रत्येक बागायतदार एकाच वेळी आंबा उतरवतो, कारण पहिला पाऊस पडला की फळमाशी आणि गळ ठरलेली. तुमच्या गेटवर १० टनांच्या जागी २५ टन. त्याला म्हणा, आमच्या बोर्डावर आज तुमचं कार्ड नाही, काका. क्रेटमधला तयार आंबा दीड-दोन दिवस तग धरतो, मग पाणी सुटतं आणि मालकाचा चेहरा उतरतो. पल्प काढून ठेवू म्हणाल तर तो गरम असतानाच डब्यात जाऊन सील व्हायला हवा. डबा नसेल तर थोड्या तासांत आंबायला लागतो. डबा काही रुपयांचा, त्याच्यासाठी अडलेला आंबा लाखांचा. पण ताळेबंदात साठा शून्य दिसेल, ते सुख वेगळंच.

आगोटीच्या आधी सुकट, मिरची, आमसुलं, लाकडं घरात भरून घेणाऱ्या आजीला उद्यापासून हाच सल्ला द्या. काजूवाल्यांनाही द्या. त्यांची बी साधारण मार्च ते मेमध्येच पडते, म्हणून ते वर्षभराची बी उन्हात वाळवून पोत्यांत भरतात. त्यांनी ऑगस्टमध्ये झाडाला ऑर्डर द्यावी.

साठ्याविरुद्ध बोलायला कोकणात एक खरं कारण आहे, पण ते काढलंत तर कामाला लागावं लागेल. उरलेले रिकामे डबे पावसाळ्यात गंजतात, सर्वात आधी शिवणीपाशी. खोक्याचा पुठ्ठा दमट हवेत मऊ पडतो आणि थप्पीतला खालचा थर दबतो. म्हणून शहाणे लोक डबे दोन-तीन टप्प्यांत मागवतात, आणि शेवटचा टप्पा एप्रिलच्या मध्याला झाडावर टिकलेलं फळ बघून ठरवतात. त्यासाठी उन्हात बागा फिराव्या लागतात. एसीतल्या बोर्डावर फळ दिसत नाही.

सुटे भागही साठाच, तेही काढून टाका. सीमरचा, म्हणजे डब्याला झाकण बसवणाऱ्या यंत्राचा, रोल झिजला तर झाकणाची कड डब्यावर नीट बसत नाही, शिवण सैल राहते, हवेबरोबर जंतू शिरतात आणि पुढे डबा फुगतो. दोन रोल आणि एक चक (झाकण दाबून धरणारा भाग) कपाटात ठेवायची किंमत अर्ध्या दिवसाच्या कामापेक्षा कमी, म्हणूनच ते आधी कमी करायचे. ३.१ किलोवरून ८५० ग्रॅमच्या डब्यावर यायला चक, रोल आणि उंची बदलण्यात तुमचा निम्मा दिवस जातो. शिंगो नावाच्या जपानी इंजिनिअरने टोयोटाच्या १,००० टनी प्रेसचा साचा बदलायचा वेळ ४ तासांवरून ३ मिनिटांवर आणला होता. भाग आधी मांडून ठेवले, यंत्र चालू असताना होणारी कामं यंत्र बंद व्हायच्या आत उरकली. तुम्ही पाना शोधण्यापासून सुरू करा. तो मुकादमाच्या स्कूटरच्या डिकीत असतो.

खोकेवाला मात्र हातचा ठेवा. तो लहान, तालुक्याच्या एमआयडीसीत त्याची एक शेड. त्याला सांगा, सकाळी फोन केला की दुपारी खोकी गेटवर हवीत. तुमचं गोदाम रिकामं होईल आणि त्याचं भरेल, तेही त्याच्या व्याजावर. साठा नाहीसा झाला असं तुम्ही म्हणू शकता, कारण तुमच्या खिडकीतून त्याची शेड दिसत नाही. पैशांचं म्हणाल तर २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३-२४ पासून मुदत चुकवली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच आयकरात वजा मिळतो. घाबरू नका. ‘साहेब मुंबईला गेलेत’ हे वाक्य मार्चपर्यंत पुरतं. खोकेवाला भांडणार नाही, त्याला पुढच्या हंगामाची ऑर्डर हवी असते.

१ फेब्रुवारी १९९७ ची गोष्ट मात्र कुठल्याच बैठकीत काढू नका. त्या दिवशी टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या, जपानमधल्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांना लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच व्हायचा, आणि हाताशी साठा काही तासांचा. टोयोटाच्या लाइन बंद पडल्या. मग इतर पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह करून दिला आणि आठवड्याभरात गाडं रुळावर आलं. ते का धावले? वर्षानुवर्षं सांभाळले होते म्हणून. तुमचा खोकेवाला अशा वेळी फोन उचलेल का, हे तुम्हीच ठरवा. २०११ च्या भूकंपानंतर तर टोयोटानेच चिपवाल्यांना काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. असल्या बातम्यांनी कामगारांचं मन विचलित होतं.

गणपतीत महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. ती दरवर्षी येते, तारीख पंचांगात असते, तरी कोकम आगळाचे कॅन त्याच आठवड्यात मागवा.

शेवटी बँक. कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जातून, किती उचलता येईल हे तुमच्या साठ्यावर आणि येणे रकमेवर ठरतं, मार्जिन, म्हणजे तुमच्या स्वतःच्या वाट्याचा हिस्सा, वजा करून. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये साठा जवळजवळ शून्य लिहून द्या, त्याच प्रमाणात उचल कमी होईल, आणि नेमकी हंगामाच्या तोंडावर आंब्याचे रोख पैसे द्यायची वेळ येईल. मॅनेजर विचारील, माल कुठाय? त्याला भिंतीवरची २९ कार्डं दाखवा.