मक्याचा बायोगॅस आणि निसटलेला हिशेब

काल कट्ट्यावर वाद पेटला तो आमच्या अभियंता मित्राच्या एका विधानावरून. मक्याने वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच बायोगॅस जाळल्यावर हवेत परत जातो, तेव्हा या इंधनाचा हवामानावरील भार शून्य आहे, असे त्याचे म्हणणे होते. कृषी पदवीधर मित्राने लगेच हरकत घेतली. मक्याला नत्र भरपूर लागते आणि शेतात घातलेल्या नत्रापैकी साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साईडच्या रूपाने उडून जाते, असे आंतरराष्ट्रीय हिशेबात ढोबळपणे धरतात; हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या २७३ पट तापवणारा असल्याने १०० किलो नत्रामागे सव्वाचारशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साईडइतका भार पडतो, आणि खत बनवताना झालेले उत्सर्जन त्यात धरलेलेच नाही.

तेवढ्याने गणित बुडत नाही, असे अभियंत्याने सुनावले, आणि खरे सांगायचे तर ते मलाही पटले. गणित बुडवते ती गळती. बायोगॅसमधला जळणारा वायू म्हणजे मिथेन; १०० किलो मिथेनपैकी १० किलो टाकीच्या फटींतून, उघड्यावर साठवलेल्या स्लरीतून (वायू काढल्यावर उरणाऱ्या पातळ गाळातून) किंवा इंजिनात न जळता निसटले, तर शंभर वर्षांच्या मोजणीत त्यांचा भार सुमारे २८० किलो कार्बन डायऑक्साईडइतका होतो. उरलेल्या ९० किलोंनी तेवढाच खनिज वायू वाचवला, तरी टळतात जेमतेम २४८ किलो. हे आकडे मांडल्यावर अभियंता गप्प झाला, जे आमच्याकडे क्वचितच घडते. स्लरीची टाकी झाकली की गळती बरीच घटते, एवढे मात्र त्याने कबूल करून घेतले.

जमिनीचा मुद्दा त्याहून अवघड निघाला. जर्मनीत २००४ पासून ऊर्जापिकांच्या, म्हणजे इंधनासाठीच लावलेल्या पिकांच्या, बायोगॅसपासून केलेल्या विजेला जादा दर मिळू लागला आणि मका इतका फोफावला की २०१२ मध्ये नव्या प्रकल्पांच्या कच्च्या मालात मका आणि धान्य मिळून ६० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. कुरण नांगरले की मातीतला कार्बन सुटतो. समशीतोष्ण प्रदेशातील दलदलीच्या पीट जमिनीतले (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या जमिनीतले) पाणी काढून तिथे पीक घेतले, तर हेक्टरी वर्षाला सुमारे २९ टन कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतो, म्हणजे त्या पिकाचा वायू जे वाचवील त्याहून कितीतरी अधिक.

शेण उघड्यावर साठवले तरी मिथेन सुटतोच, म्हणून शेणाच्या बायोगॅसवर कोणीच वाद घातला नाही. मुख्य पिकांच्या मधल्या काळात घेतलेले पीक तरी चालेल का, असे अभियंत्याने जाता जाता विचारले, तेव्हा कृषीवाल्याने चप्पल घालता घालता प्रतिप्रश्न केला, "त्याला नत्र किती घालणार?"