तीन पै हिस्सा, बत्तीस खणी वाडा

वाईपासून थोड्या अंतरावर, कृष्णाकाठच्या एका गावात आमचा वाडा विकणे आहे. बत्तीस खण (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण), दोन चौक, मागे परसू, परसात विहीर आणि दरवर्षी वानरांसाठी इमानेइतबारे फळणारा एक आंबा. जाहिरातीत एवढंच लिहावं असं माझं मत होतं. धाकट्या काकांनी त्यात 'पेशवेकालीन' घातलं. पुरावा काय, असं विचारलं तर म्हणाले, "दिंडी दरवाज्यातून वाकल्याशिवाय आत जाता येतं का?" येत नाही. पुरावा माझ्या कपाळावर आहे.

इकडे जुना वाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मेणवली उभी राहते. नाना फडणवीसांचा वाडा, घाट, वसईहून आणलेली ती भली थोरली पोर्तुगीज घंटा आणि सिनेमांची शूटिंगं. आमच्या नातेवाइकांना यातलं फक्त शूटिंग दिसतं. म्हणून लोकेशन शोधणारा एक मुलगा आला, तेव्हा काकांनी नवा सदरा घातला होता. त्याने चौकात उभं राहून बोटांची चौकट केली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "भुताच्या सीनला एकदम परफेक्ट आहे." चहा टाकला होता, तो आम्हीच प्यायलो.

आमच्या घराण्याकडे गावचं कुलकर्णीपण होतं. वतन 1951 साली गेलं. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनापासून कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. (ते योग्यच झालं, पण हे वाक्य वाड्यात मोठ्याने म्हणायचं नसतं.) दप्तर गेलं, शेतं गेली, राहिला वाडा, आणि ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "काय रे, कुठं निघालास?" असं विचारण्याचा वंशपरंपरागत हक्क. तो मात्र कुठल्याच कायद्याने काढून घेतलेला नाही.

आता हिस्सा. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, हा हिशोब बाजारातून उठला तरी वाटणीत जिवंत आहे. पणजोबांची चार मुलं, म्हणजे आजोबांना चार आणे. आजोबांची चार, म्हणजे बाबांना एक आणा. आम्ही भावंडं चार, म्हणजे मला तीन पै. बत्तीस खणांत तीन पै म्हणजे अर्धा खण. माझ्या वाट्याला माजघरातला एक खांब येतो की दोन अर्धे खांब, यावर सांगलीच्या दादाने एक आख्खी दुपार घालवली. तोही तीन पैंचाच धनी, पण बोलतो बारा आण्यांच्या आवाजात.

कागदांचं तर विचारू नका. तलाठ्याकडे गेलं की 8अ, म्हणजे जमिनीच्या खात्याचा उतारा मिळतो, ग्रामपंचायतीत नमुना 8, म्हणजे घराच्या करआकारणीचा उतारा मिळतो, आणि वकिलांना हवा असतो नेमका आपण न आणलेला. घरपट्टी अजून पणजोबांच्या नावाने येते. मध्ये गावठाणावरून मोजणीचा सरकारी ड्रोन फिरून गेला. कौलं कुठेकुठे फुटली आहेत हे आता सरकारलाही ठाऊक आहे. वारस कुठेकुठे पसरले आहेत ते वरून दिसत नाही. जुने कागद मोडी लिपीत. मोठ्या अपेक्षेने वाचून घेतले. सनद वगैरे निघेल म्हणून सगळे सरसावून बसलेले; निघाली शेजाऱ्याने नेलेल्या आणि परत न केलेल्या पितळी घंगाळाची तक्रार. काकांनी ताबडतोब शेजारच्या परसात डोकावून पाहिलं.

इंदूरच्या आत्याला हक्कसोडपत्रावर सही करशील का, असं विचारायची जबाबदारी माझ्यावर आली. महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क मिळाला, हे तिला आमच्या वकिलांपेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणाली, "पैसा नको मला. झोपाळा दे." मी खूश. "कड्यांसकट," ती म्हणाली, "करकर कड्यांची असते, फळीची नव्हे." कड्या तुळईत ठोकलेल्या आहेत. तुळईवर माडी उभी आहे.

न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणतो, विकू नका, ही आपली मुळं आहेत. मुळांबद्दल तो फार सुंदर बोलतो, व्हॉइस मेसेजमध्ये गळाही दाटून येतो. पावसाळ्याआधी कौलं शाकारायला पैसे मागितले की मात्र तिकडे रात्र असते. शेवटी त्याचं मुखत्यारपत्र आलं, अपोस्टिलचा, म्हणजे परदेशातला कागद खरा असल्याचा, शिक्का मारून. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागावा लागतो. सांगलीच्या दादाने ते 'सुरक्षित' म्हणून गौरीच्या मुखवट्यांच्या डब्यात ठेवलं आणि पुढल्या भाद्रपदात सापडलं.

गिऱ्हाइकं आली नाहीत असं नाही. पुण्याचं एक जोडपं आलं, होमस्टे काढायचा म्हणून. त्यांना सगळं जसंच्या तसं हवं होतं, फक्त वटवाघळं नकोत आणि प्रत्येक खोलीला बाथरूम. मग लाकडाचा व्यापारी आला. त्याने खिशातून खिळा काढून खांबाला टोचला, वास घेतला, तळखड्यापासून वर नजर नेली आणि हळहळून म्हणाला, "सागवान एक नंबर आहे हो. वाडा मधे येतोय."

तिसऱ्याने माडी पाहिलीच नाही. धान्याच्या बळदाशी उकिडवा बसून टाचेने फरशी ठोकत राहिला आणि अमावस्येला पुन्हा येऊ का म्हणाला. काकांनी त्याला 1878 चा कायदा ऐकवला: दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो गेला. त्या रात्री काका स्वतः बॅटरी घेऊन बळदात उतरले होते, असं काकू म्हणते.

सध्या एक खरा गिऱ्हाईक आहे. साताऱ्याचा, हॉटेलवाला, वाडा न पाडता घेणारा. सगळ्यांच्या सह्यांची तयारी झाली, आणि काकांनी अट घातली: नवरात्रात नऊ दिवस देवघर आणि माजघर कुटुंबाला मिळालंच पाहिजे, घटाची जागा हलवता येत नाही. तो माणूस शांतपणे म्हणाला, "या की. नऊ दिवसांचं भाडं किती द्याल?"

काकांची त्याच्याशी भाड्यावरून घासाघीस चालू आहे. ललितापंचमीचा दिवस फुकट मिळवलाय. वाड्याच्या किमतीचा विषय अजून निघालेला नाही.