नाव राहील हो, पण त्या 40 टक्क्यांचं काय?

कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाचा विषय निघाला की आमच्या गावच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, "आपली रेल्वे गेली." दुसरा म्हणतो, "आता तरी डबल ट्रॅक होईल." मी दुसऱ्या बाजूचा. पण माझी एक अट आहे.

मुळात हे वेगळं महामंडळ झालं कशासाठी? केंद्राकडे एवढ्या खर्चाच्या मार्गासाठी पैसा नव्हता. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधू दंडवते अर्थमंत्री, अशी वेळ जुळून आली आणि जुलै 1990 मध्ये कंपनी उभी राहिली. भागभांडवलात केंद्राचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकाचे 15, गोवा आणि केरळचे 6-6. बाकीचा पैसा बाजारातून रोखे काढून. कंपनीचे प्रमुख ई. श्रीधरन साहेबांनी रोहा ते ठोकूर 741 किलोमीटरचा मार्ग बांधून काढला आणि 26 जानेवारी 1998 ला तो पूर्ण खुला झाला.

आमच्या काजूच्या बागेचा एक कोपरा त्यात गेला. आजोबांनी कुरकुर केली नाही. कुडाळला पहिली गाडी आली त्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून गेले होते. "गाडी इली!" म्हणून सगळे पुढे धावले, आणि हे मागे वाकून रुळाला हात लावून बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, रूळ तापलो होतो. रातराणीच्या एसटीत घाटाघाटात ओकत मुंबई गाठलेल्या माणसालाच त्याचं मोल कळतं.

कर्ज काढून बांधलेल्या या मार्गाचं ओझं प्रवाशाच्या तिकिटावरही आलं. भाडं ठरवताना कोकण रेल्वेवरचं अंतर 40 टक्के वाढवून धरतात. म्हणजे 100 किलोमीटर गेलात तर भाडं 140 किलोमीटरचं. मालाला तर 50 टक्के. शेकडो वेळा गावाला गेलेल्या कित्येकांना हे ठाऊकच नाही!

मे 2025 मध्ये आपल्या राज्य सरकारने विलीनीकरणाला संमती दिली. नाव 'कोकण रेल्वे'च राहावं आणि राज्याने घातलेले सुमारे 396 कोटी परत मिळावेत, असं सांगितलं. दोन्ही रास्तच आहे. पण राज्य आपले पैसे मागतं, तर चाकरमान्याने इतकी वर्षं भरलेल्या जादा पैशांचं काय? मागचे राहू द्या. पण विलीनीकरणाच्या दिवसापासून तरी ते 40 टक्के रद्द झाले पाहिजेत. देशाच्या रेल्वेत जायचं, तर देशाच्या दराने जाऊ.

दुहेरी मार्ग तर हवाच. रोहा ते वीर तो 2021 मध्ये झाला, पुढे बहुतेक सगळं एकेरीच. समोरून गाडी यायची असली की क्रॉसिंगला थांबायचं, हे किती काळ चालणार? कंपनीच्या कमाईतून एवढं काम उभं राहणार नाही, म्हणून मी विलीनीकरणाच्या बाजूचा.

मात्र या मार्गाचे तुकडे करून भारतीय रेल्वेच्या शेजारच्या झोनांना वाटून टाकायला माझा ठाम विरोध आहे. 2003 मध्ये वैभववाडीजवळ दरड आली, पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी करंजाडीला पुन्हा तेच. त्यानंतर डोंगरांचे उतार कमी केले, जाळ्या बसवल्या, पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त वाढवली. भर पावसात इरलं-रेनकोट घालून, हातात बत्ती घेऊन चालणाऱ्या ट्रॅकमनला कुठल्या कटिंगमधून पाणी कसं उतरतं हे पाठ असतं. हे ज्ञान लांबच्या कुठल्या झोनच्या टोकाला विखरून जाईल. स्वतंत्र झोन करा, आणि मुख्यालय रत्नागिरीला आणा.

रुळाच्या अलीकडे आमची दोन काजूची झाडं अजून आहेत. मे महिन्यात आई त्यांच्या बिया डब्यात भरून दिवा गाडीने आमच्याकडे येते. पुढच्या मे महिन्यात तिच्या तिकिटाला ती जितकी आली तितकेच किलोमीटर लागू देत.