तुरटी, उकळणं आणि तांब्याची कळशी: पाण्याच्या वासावरचा तो मेसेज चुकीचा का आहे

वाडीच्या, सोसायटीच्या, चाकरमान्यांच्या सगळ्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याला वास किंवा चव असेल तर तुरटी फिरवा, उकळा, रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवा, कसलंही पाणी शुद्ध होतं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकू देऊ नका, ते विष आहे. खारट असेल तर आरओ बसवा. आणि वास नसेल तर पाणी चांगलंच. आता विहिरी तळाला गेल्यात, लोक हे वाचून खरंच तसं करतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, एवढंच तिचं काम. पहिल्या पावसात लाल पाणी आलं की ती उपयोगाची आहेच, पण जंतू मरण्यासाठी तिच्यावर विसंबू नका आणि विरघळलेलं मीठ तर तिने अजिबात जात नाही. जास्त फिरवली तर उलट तुरट चव लागते.

उकळण्याचं म्हणाल तर जंतूंसाठी त्यासारखा घरगुती उपाय नाही, खळखळून उकळी येऊ द्या, बस. पण मचूळ पाणी उकळलं तर वाफ जाते आणि मीठ भांड्यातच राहतं, म्हणजे पाणी आणखी खारट. आणि विहिरीत पंपाचं डिझेल किंवा ऑईल सांडून वास येत असेल तर ते पाणी उकळायचंसुद्धा नाही, वाफ घरभर होते. ते प्यायला आणि स्वयंपाकाला बंदच.

आता लोखंडाचा वास, कारण आपल्याकडे कोकणात सगळ्यात जास्त तक्रार हीच. बोअरचं पाणी काचेच्या ग्लासात घ्या, काढताना अगदी स्वच्छ दिसतं, अर्ध्या तासाने पिवळसर होतं आणि तळाला तांबूस गाळ बसायला लागतो. चहा काळा पडतो, पांढऱ्या कपड्यांवर डाग येतात. जमिनीखाली हवा नसते तेव्हा लोह विरघळलेलं असतं, बाहेर हवा लागली की गंजतं. यावर उपाय पण हवाच आहे, पाणी टाकीत उंचावरून शॉवरसारखं पडू द्या, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून घ्या. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लोहाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, तेवढं झालं की चव पण सुधारते. पाण्यावर रंगीत तवंग दिसला की लोक घाबरतात, तेल आहे म्हणतात, तर काठीने तो तवंग मोडून बघा: तुकडे होऊन वेगळे राहिले तर बहुतेक लोहाच्या जंतूंचा आहे, परत एक झाला तर तेल. जांभ्या दगडातून झिरपणाऱ्या पाण्यावर पहिला प्रकार पुष्कळदा दिसतो.

सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर आधी एवढं बघा की तो गरम पाण्यालाच येतो की गारही. फक्त गीझरच्या पाण्याला येत असेल तर विहिरीचा दोष नाही, गीझरमधली मॅग्नेशियमची कांडी आणि त्यात वाढलेले जंतू यांचा तो प्रताप, प्लंबरला ती बदलायला सांगा. गार पाण्यालाही येत असेल तर तळाचा पाला कुजलाय किंवा जमिनीतच गंधक आहे, उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यावर जो वास येतो तो याच हायड्रोजन सल्फाइड वायूचा. पण विहिरीजवळ संडासची टाकी किंवा शोषखड्डा असेल तर संशय तिथे घ्या. निदान १५ मीटर अंतर हवं असं सांगतात, जांभा सच्छिद्र असतो त्यामुळे आपल्याकडे जितकं जास्त तितकं बरं. नुसता मातकट वास असेल तर काळजी कमी, तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, आपल्या नाकाला लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी कळतो. गाळ काढा, विहिरीवर जाळी टाका म्हणजे आंब्या-फणसाची पानं पडणार नाहीत.

मचूळ पाण्यावर त्या मेसेजचं उत्तर आरओ. आरओने मीठ जातं हे खरं, पण बरंचसं पाणी वाया जातं आणि मे महिन्यात ते परवडत नाही. मुळात विहीर खारट का झाली ते बघायला नको का? १०० लिटर गोड्या पाण्यात २ लिटर समुद्राचं पाणी मिसळलं तरी क्लोराईड, म्हणजे मिठातला घटक, लिटरला २५० मिलिग्रॅमची स्वीकार्य मर्यादा ओलांडतं. मालवणजवळच्या देवबागसारख्या, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या वाळूच्या पट्ट्यात गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, आणि ढोबळ हिशेब असा की वरची पातळी १ फूट उतरली की खालचं खारं पाणी ४० फूट वर सरकू शकतं. म्हणून अशा ठिकाणी विहीर आणखी खोल करू नका, पंप तळाला सोडू नका, एकदम टाकी भरण्याऐवजी दिवसभरात थोडं थोडं उपसा. खाजणाच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या, बंधाऱ्याची झडप मोडली असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या. आणि पावसाळ्यात छपराचं पाणी गाळून विहिरीत सोडा, ५० चौरस मीटरच्या छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे दीड लाख लिटर, थोडं वाया गेलं तरी पुष्कळ.

ज्यांची विहीर गोडी आहे त्यांनी आरओ घ्यायचं कारणच नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालावी असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं. आरओ विकणारे दारात येऊन पाण्यात वीजेच्या दोन कांड्या घालून ते तपकिरी करून दाखवतात ना, तो रंग लोखंडाच्या कांडीतून येतो, तुमच्या पाण्यातून नाही. टीडीएस मीटर तर जंतू दाखवतच नाही.

तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही जंतू मरतात, हे खरंय, पण मीठ, लोह, डिझेल यावर तिचा काही उपयोग नाही. मचूळ पाण्याने कळशी हिरवी पडते, तसल्या कळशीतलं पाणी मुलांना देऊ नका. त्यात कोकमाचं सरबत तर ठेवूच नका.

टीसीएल विष आहे या वाक्याचा मला सगळ्यात राग येतो, कारण ते वाचून लोक जलसुरक्षकाला, म्हणजे टीसीएल टाकायला येणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाला, विहिरीपाशी येऊ देत नाहीत. प्रमाणात टाकलं तर ते कॉलरा, काविळीपासून वाचवतं. मोजायचं असं: विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५, एवढे लिटर पाणी. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर, आणि १००० लिटरला ५ ग्रॅम धरले तर साधारण १४० ग्रॅम टीसीएल. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी संध्याकाळी विहिरीत सोडा आणि निदान तासभर उपसू नका. पावडर कोरडी, घट्ट बंद ठेवलेली हवी, नाहीतर तिच्यातला क्लोरीन उडून जातो. टीसीएल टाकल्यावर पाणी लाल झालं तर ते बिघडलं असं नाही, आधीपासून विरघळलेलं लोह क्लोरीनने गंजून बाहेर पडलं, निवळू द्या. क्लोरीनचा वास नको असेल तर पाणी रुंद तोंडाच्या पातेल्यात जाळी झाकून काही तास ठेवा.

राहिला शेवटचा मुद्दा, वास नाही म्हणजे पाणी चांगलं. याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण जुलाब-काविळीच्या जंतूंना ना वास ना चव. ग्रामपंचायतीकडे एच टू एस बाटली, म्हणजे मैल्याचे जंतू तपासायची बाटली, मागा, खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवा, एक-दोन दिवसांत काळी पडली तर मैलापाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. जलजीवन मिशनमध्ये गावागावात ५ बायकांना किटवर पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे, तुमच्या गावात त्या कोण आहेत ते विचारा. बाटली काळी झाली तर त्या दिवसापासून उकळूनच प्या, टीसीएल टाकून घ्या, शोषखड्डा कुठे झिरपतोय ते शोधा आणि आठवड्याने परत बाटली लावा. विहीर सामाईक असेल तर शेजारच्या घरांना पण त्याच दिवशी सांगा.