मागच्या ॲक्सलचा रेशो ४.१० च आहे, आणि तुमची स्वतःची मोजणीही तेच सांगते

नमस्कार,

तुमच्या जुन्या फोर व्हील गाडीची आम्ही जी तपासणी केली, तिच्यावरचा तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं असं: मागच्या ॲक्सलच्या कव्हरवरच्या पट्टीवर ३.७३ लिहिलं असताना आम्ही अहवालात ४.१० लिहिलं. (रेशो म्हणजे दोन्ही चाकं मिळून एक फेरी फिरली तर शाफ्ट किती फेऱ्या फिरतो तो आकडा.) तुम्ही घरी मागचं एक चाक जॅकवर उचलून एक फेरी फिरवून पाहिलं, तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा, दोन फेऱ्या आणि वर थोडासा फिरला. म्हणजे रेशो २ च्या आसपास, म्हणून आमचा आकडा खोटा. कव्हर उघडण्याचे पैसे आम्ही उगाच घेतले आणि पुढचा-मागचा रेशो जुळत नाही ही नुसती भीती घातली. गाडी तुम्ही नुकतीच घेतली आहे, त्यामुळे राग समजू शकतो. पण या चारही गोष्टींवर मी माझ्या तपासणीच्या बाजूने ठाम आहे, आणि का ते सविस्तर सांगतो.

आधी तुमची मोजणी, कारण ती तुम्ही चांगली केली आहे, फक्त हिशोबाची शेवटची पायरी राहिली. तुमच्या गाडीत मागे साधं, म्हणजे लॉक नसलेलं डिफरन्शियल आहे (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी). एक चाक जमिनीवर घट्ट असताना हवेतलं चाक पूर्ण एक फेरी फिरवलं, तर आतली केज, म्हणजे ते गिअर धरणारी चौकट, अर्धीच फेरी फिरते. क्राऊन व्हील, म्हणजे शाफ्टच्या टोकावरचा छोटा गिअर (पिनियन) ज्याला फिरवतो तो मोठा गिअर, त्या केजलाच बोल्टने बसवलेलं असतं. त्यामुळे शाफ्टच्या जितक्या फेऱ्या मोजल्या, त्याची दुप्पट म्हणजे खरा रेशो. तुमच्या ‘दोन आणि वर थोडं’ची दुप्पट चार आणि वर थोडं होते.

आता पट्टीवरचा ३.७३ खरा धरून बघा. चाकाच्या एका फेरीला शाफ्ट १.८६५ फेरी फिरायला हवा होता, म्हणजे दुसरी फेरी पूर्ण व्हायला जवळपास ४९ अंश कमी पडले असते. ४.१० असेल तर तो २.०५ फेऱ्या फिरतो, दोनच्या पुढे १८ अंश. तुमचा शाफ्ट दोनच्या पुढे गेला हे तुम्हीच लिहिलं आहे. इतका फरक खडूच्या खुणेवर सहज दिसतो. तुमच्याच आकड्यातून ३.७३ बाद होतो.

पुन्हा मोजायचं असेल तर चाक एकदा नको, दहा वेळा फिरवा. गिअर न्यूट्रलला, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) टू व्हीलवर, हँडब्रेक सोडलेला आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली वाकू नका, ॲक्सलखाली स्टँड लावाच. सुरुवातीला शाफ्ट ज्या दिशेला फिरणार आहे त्या दिशेला दात्यांमधला ढिलेपणा काढून घ्या आणि मगच खूण करा. दहा फेऱ्यांना शाफ्ट साडेवीसच्या आसपास फिरेल. ३.७३ असता तर पावणेएकोणीसच्याही आधी थांबला असता. पुढचा ॲक्सल मोजताना हब, म्हणजे पुढचं चाक ॲक्सलच्या दांड्याशी जोडणारी कळ, लॉक करायला विसरू नका. हब मोकळे असतील तर चाक फिरेल, पण शाफ्ट जागचा हलणार नाही.

पट्टीबद्दल. ती कव्हरच्या बोल्टखाली अडकवलेली पातळ पट्टी असते. कव्हर बदललं तर जुनी पट्टी नव्या कव्हरवर चढते, आतले गिअर बदलले तरी तीच तिथे राहते. दाराच्या चौकटीवरचा कोडही गाडी कारखान्यातून कशी निघाली तेवढंच सांगतो. वापरलेल्या ऑफ-रोड गाडीत त्यानंतर काय काय झालं असेल, याची ग्वाही दोन्ही देत नाहीत. पट्टी आणि आमची मोजणी एकमेकींशी भांडायला लागल्या म्हणूनच आम्ही कव्हर उघडलं, आणि उघडण्याआधी तेल व गॅस्केटचा खर्च सांगून तुमचा होकार घेतला होता. आत क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला १० दाते आहेत. ४१ भागिले १० म्हणजे ४.१०. ३.७३ साठी ४१ ला ११ दात्यांचं पिनियन लागतं. फोटो अहवालासोबत दिलेला आहे, त्यातही दाते मोजता येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला तुम्ही भीती म्हटलं आहे. पुढच्या ॲक्सलचा रेशो ३.७३ आहे. तुमच्या गाडीत मधलं डिफरन्शियल नाही, त्यामुळे फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. मागची चाकं १०० मीटर जातील तेवढ्यात पुढची चाकं ११० मीटर जायला बघतील. हे दहा मीटर कुठेतरी जावेच लागतात. चिखलात किंवा वाळूत टायर घसरून ते निघून जातात, म्हणून आधीच्या मालकाला कदाचित काही जाणवलंही नसेल. कोरड्या, घट्ट जमिनीवर मात्र टायर घसरत नाहीत आणि सगळा पीळ ट्रान्सफर केस, क्रॉस जॉइंट (शाफ्टचे सांधे) आणि हाफ शाफ्टवर (चाकापर्यंत जाणारे दांडे) येतो. लिव्हर टू व्हीलला परत येत नाही, किंवा उतारावर नेमक्या वाईट वेळी काहीतरी तुटतं. काही कारखान्यांनी पुढे ४.०९ आणि मागे ४.१० असे रेशो दिले आहेत आणि ते चालतं, कारण तो फरक पाव टक्का आहे. तुमच्या गाडीत तो दहा टक्के आहे. हे तुम्हाला सांगितलं नसतं तर मी माझं काम केलं नसतं.

असं का झालं असावं, याचा अंदाज टायरवरून येतो. २९ इंची टायरसोबत ३.७३ जो ओढा देतो, तोच ३२ इंची टायरवर मिळवायला साधारण ४.१२ लागतो. तुमच्या गाडीवर आता ३२ इंची टायर आहेत. टायर वाढवताना फक्त मागचे गिअर बदलले गेले असावेत.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत: पुढे ४.१० बसवणं किंवा मागे पुन्हा ३.७३. ३२ इंची टायर ठेवणार असाल तर मी पुढचा बदलायला सांगेन. क्राऊन-पिनियन मागवण्याआधी पुढची केज ४.१० घेते का हे तपासा, कारण काही ॲक्सलमध्ये ठराविक रेशोच्या पुढे केजही वेगळी लागते. काम दुसरीकडे करून घेतलंत तरी माझी काही हरकत नाही, आमचे फोटो आणि आकडे त्यांना दाखवा.

तोपर्यंत पुढचे हब मोकळे ठेवा आणि फोर व्हील टाकू नका, लो (कमी वेगाचा, जास्त ओढ्याचा टप्पा) तर नाहीच. आणि शंका असेल तर गाडी घेऊन या. दोन्ही ॲक्सल तुमच्यासमोर पुन्हा मोजू, खडूची खूण तुम्हीच करा. त्या मोजणीचे पैसे लागणार नाहीत.