इंजिनं मोजून तिकीट रद्द करू नका

पंचवटीतल्या माझ्या मावशीनं गेल्या आठवड्यात लेकीला फोन करून सांगितलं, "मी येत नाही, तिकीट रद्द कर." लेक अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन होझेला, आठवा महिना लागलाय. कारण काय, तर भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज. त्यात लिहिलंय की दोन इंजिनांच्या विमानानं समुद्र ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ, चार इंजिनं असली तरच बसा. कंपन्या भारताच्या मार्गांवर भंगार मॉडेलं लावतात. मॉडेलचा आकडा मोठा तितकं विमान लांब जाणारं. आणि वाटेत इंधन भरायला उतरलं तर इंजिनात बिघाड समजा. मला हे तीन ठिकाणांहून आलंय.

आधी इंजिनांचं, कारण मावशी घाबरली ती त्यालाच. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर उडून सुखरूप उतरता येतं, हे सिद्ध झाल्याशिवाय अशा विमानाला परवानगीच मिळत नाही. प्रश्न उरतो तो जवळचा विमानतळ किती लांब, एवढाच. अमेरिकेनं १९५३ साली त्यासाठी वाटेत कुठूनही ६० मिनिटांत विमानतळ गाठता यावा अशी मर्यादा घातली, तेव्हा पिस्टन इंजिनं होती. जेट इंजिनं भरवशाची ठरत गेली तशी ती १९८५ मध्ये १२० मिनिटं झाली, १९८८ मध्ये १८०. एअरबस ए३५० ला २०१४ मध्ये युरोपच्या नियामकानं ३७० मिनिटांपर्यंत मान्यता दिली. म्हणजे एका इंजिनावर सहा तास! आणि नुसत्या मॉडेलला मान्यता असून भागत नाही, कंपनीलाही आपली देखभाल आणि वैमानिकांची तयारी दाखवून ती वेगळी मिळवावी लागते.

चार इंजिनांचा एवढा भरवसा असेल तर २४ जून १९८२ ची रात्र वाचा. ब्रिटिश एअरवेजचं चार इंजिनांचं बोइंग ७४७ इंडोनेशियात जावाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. नंतर ती पुन्हा सुरू झाली, जकार्ताला विमान उतरलं, सगळे वाचले. पण चार होती म्हणून राख चुकली नाही. शिवाय चार इंजिनांच्याच एअरबस ए३८० चं उत्पादन २०२१ मध्ये संपलं, शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये ग्राहकाच्या ताब्यात गेलं. चार इंजिनांचाच हट्ट धरला तर बहुतेक मार्गांवर तुम्हाला विमानच मिळणार नाही.

अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या विमान अपघातानंतर लोक घाबरलेत, ती भीती मी खोटी म्हणणार नाही. पण ते विमान धावपट्टी सोडल्यावर मिनिटभराच्या आत पडलं. समुद्र ओलांडण्याचा त्याच्याशी काय संबंध?

आता भंगाराचं. एअर इंडियानं डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली ती बोइंग ७७७-२००एलआर या विमानानं. अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. ७७७-३००ईआर मध्ये माणसं जास्त बसतात, पण त्याचा पल्ला जेमतेम १३,६५० किलोमीटर, वारा समोरून आला की हिशेब कोलमडतो. २००एलआर १५,८०० च्या वर जातं. कंपनीनं भाड्यानं घेतलेली त्यातली काही विमानं आधी अमेरिकेच्या डेल्टा या विमान कंपनीकडे होती. अमेरिकन लोकांना चालणारं विमान आपल्याकडे आलं की भंगार कसं होतं?

मॉडेलच्या आकड्याचं तर उलटंच आहे. बोइंग ७८७ मध्ये सगळ्यात मोठं ७८७-१०, पण पल्ला ११,७३० किलोमीटर. मधलं ७८७-९ जातं १४,०१० पर्यंत.

इंधनासाठी थांबण्याचं कारण नकाशात आहे. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द आपल्या विमानांना बंद झाली, वळसा वाढला, म्हणून अमेरिकेच्या मार्गावरची आपली काही विमानं व्हिएन्नाला थांबू लागली.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. जिथे बिझनेस क्लासला जास्त पैसे मिळतात तिथे नवी केबिन आधी जाते, आणि जुन्या विमानात तुटकी सीट, बंद पडलेला स्क्रीन नशिबी येतो. त्याबद्दल जरूर भांडा. पण तो सोयीचा प्रश्न झाला, जिवाचा नाही.

मावशी परवा पुन्हा तयार झाली. पण जुन्या तिकिटाचे पैसे कापले गेले आणि नवं मिळालं ते बाळंतपणाच्या तारखेनंतरचं. भिशीच्या ग्रुपवर ज्यांनी हा मेसेज टाकला, त्यांनी तो आज काढावा आणि मावशीला स्वतः फोन करावा.